पॅट समिट: २२व्या वर्षी मुख्य कोच, पगार महिना २५० डॉलर. आज टिकल्या असत्या का?

सईची_आई – ८ एप्रिल २०२५, ०८:१२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला राहतो. इथल्या विद्यापीठाचा रंग केशरी. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा शनिवारी रस्ताभर केशरी टीशर्ट बघून म्हणाल्या, "आज इथे शिवजयंती आहे का गं?" तर असं गाव. बास्केटबॉलच्या स्टेडियमसमोर एका बाईंचा पुतळा आहे. नऊ वर्षं तिथून गाडी नेतेय, उतरून पाटी कधी वाचली नाही.

परवा रविवारी महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं धुतलं. सई (वय १३, शाळेच्या संघात, मुक्काम बहुतेक बाकावर) म्हणाली, "आई, आपल्या पुतळ्यातल्या आजी यांच्यापेक्षा भारी होत्या?" मला उत्तर देता येईना. मग दोन रात्री वाचत बसले.

पुतळ्यातल्या बाई म्हणजे पॅट समिट. जन्म १९५२, टेनेसीतलंच शेतकरी कुटुंब. गवताचे भारे उचलत, तंबाखूच्या शेतात राबत आणि भावांबरोबर माळ्यावर बास्केटबॉल खेळत मोठ्या झाल्या. जवळच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून वडिलांनी आख्खं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं. (इथे मी दहा मिनिटं थांबले. मुलगा आयआयटीला जावा म्हणून कोट्याला बिऱ्हाड करणारे माहितीत आहेत. मुलीने चेंडू खेळावा म्हणून?) १९७४ साली त्या एमए करायला आणि सहाय्यक म्हणून टेनेसी विद्यापीठात आल्या. मुख्य कोच रजेवर गेल्या आणि बाईंच्या गळ्यात संघ पडला. वय २२. काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान. पगार महिना २५० डॉलर. व्हॅन स्वतः चालवायची, गणवेश स्वतः धुवायचे, शिवाय शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे. पहिला सामना एका गुणाने हरल्या, ८४-८३.

तिथून ३८ मोसम एकाच ठिकाणी. १०९८ विजय, २०८ पराभव, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. आणि पूर्ण मुदत खेळलेली एकूण एक मुलगी पदवीधर.

माझे प्रश्न दोन. हे बाईंचं कर्तृत्व की काळ सोयीचा होता? आणि एवढ्या कडक कोच आजच्या मुलींपुढे टिकल्या असत्या का? तुमच्या शाळा-कॉलेजात मुलींच्या संघामागे असं कोणी होतं का, तेही लिहा.

---

चहाबाज – ०८:४०

२५० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने दोन हजार रुपये. १९७४ साली एवढ्या पगारावर आमच्या वडिलांनी गणवेशच काय, अख्ख्या विद्यापीठाची धुणी धुतली असती.

---

खडूस_काकू – ०८:५५

डॉलरला आठाने गुणायचा रोग तेव्हापासूनचा दिसतोय.

धागा आवडला. पुतळ्याची पाटी वाचून ये आधी.

---

टग्या_ठाणेकर – ०९:३१

विरोधी सूर लावतो. १९७४ ते ८५ या काळात अमेरिकेतल्या किती कॉलेजांत मुलींचे धड संघ होते? रिकाम्या मैदानात पहिलं धावणाऱ्याचा पहिला नंबर. १०९८ मधले निम्मे विजय 'समोर कोण होतं' या सदरात टाकायला हवेत. तरी सर्वाधिक विजयांचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे हे मान्य, पण तो दीर्घायुष्याचा विक्रम आहे.

---

बॉक्सआउट_नागपूर – १०:०२

बास्केटबॉलचा धागा आणि नागपूरकर नाही, असं होईल का?

टग्या, दोन दुरुस्त्या.

पहिली: विक्रम आता त्यांच्या नावावर नाही. स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हिर यांनी डिसेंबर २०२० मध्ये १०९८ चा आकडा ओलांडला आणि गेल्या वर्षी १२१६ वर निवृत्त झाल्या. नोव्हेंबरमध्ये कनेक्टिकटच्या जीनो ऑरिएम्मांनी त्यांनाही मागे टाकलं. परवाचं विजेतेपद त्यांचं बारावं.

दुसरी: रिकामं मैदान म्हणतोस, पण ते मैदान त्यांनाच झाडून घ्यावं लागलं. शिक्षणात लिंगभेद नको हा 'टायटल नाइन' कायदा १९७२ चा, म्हणजे बाई रुजू झाल्या तेव्हा त्याला दोन वर्षं झालेली. मुलांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए, तिने महिलांची स्पर्धा भरवली थेट १९८२ मध्ये. त्याआधी बायकांनी स्वतःची वेगळी संघटना काढून स्पर्धा चालवल्या.

आणखी एक गंमत. टेनेसीच्या शाळांत तेव्हा मुली सहा-सहा जणींचा खेळ खेळत. मैदान मधोमध कापलेलं: तीन मुली फक्त बास्केट करणार, तीन फक्त अडवणार, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. का, तर पूर्ण मैदान धावणं मुलींना झेपत नाही! अशा मुली कॉलेजात येऊन पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ कशा खेळणार? बाईंनी जाहीर करून टाकलं की हा नियम बदलेपर्यंत मी आपल्याच राज्यातल्या मुली संघात घेणार नाही. १९७९ च्या सुमारास शाळांनी नियम बदलला. स्वतःच्या राज्याशी असं भांडण घेणारी सत्तावीस वर्षांची कोच. याला 'समोर कोण होतं' म्हणायचं असेल तर समोर सगळा गाव होता.

---

टग्या_ठाणेकर – १०:१५

विक्रमाचं मान्य. सहा जणींचा प्रकार माहीत नव्हता. आमच्या शाळेत मुलींना लंगडी आणि मुलांना क्रिकेट, तिथे रेघसुद्धा नव्हती, सरळ भिंतच.

---

पीटीचे_सर – ११:४७

मी एका तालुक्याच्या कॉलेजात २९ वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो. नाव सांगत नाही, संस्थाचालक अजून हयात आहेत.

सईच्या आई, गणवेश धुण्याचं वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडे मुलींसाठी जर्सीचा एकच संच होता, बारा नगांचा, हिरवा. ऑगस्टमध्ये तोच खो-खोला, सप्टेंबरमध्ये कबड्डीला, ऑक्टोबरमध्ये बास्केटबॉलला. पाठीवरचे आकडे रबरी. इस्त्री फिरवली की चिकटून निघायचे. एका वर्षी आठ नंबरचा अर्धा गोल पडला आणि ती मुलगी मोसमभर तीन नंबर म्हणून खेळली. गुणपत्रक लिहिणारा पंच वैतागला, कारण खरी तीन नंबरही मैदानातच. धुणं आमच्या मंडळींनी घरी केलं, अंगणातल्या दोरीवर बारा हिरव्या जर्सी. शेजारी विचारायचे, भाड्याने देता का?

कोर्ट सिमेंटचं. पाऊस पडला की मुलीच खराट्याने पाणी ढकलायच्या. एका रिंगला जाळी होती, दुसरीला नव्हती. आमच्या मुलींना जाळी असलेल्या रिंगचीच सवय, त्यामुळे दुसऱ्या अर्धात आमचे गुण नेहमी कमी!

पण खरं काम कोर्टावर नव्हतंच. खरं काम संध्याकाळी मुलींच्या घरी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी दोन रात्री बाहेरगावी जायचं म्हटलं की वडील गप्प. मी आणि आमची मंडळी दोघं जायचो. बायको आत स्वयंपाकघरात, मी बाहेर ओट्यावर. माझं बोलणं म्हणजे नुसता उपचार, निकाल आतून लागायचा. बारापैकी नऊ घरांतून होकार आला की संघ झाला.

त्या बाई मुलींच्या घरी जाऊन बसत असणारच. हा धंदा जगभर ओट्यावरच चालतो.

---

निमा – १२:२०

सर, तीन नंबरच्या आठ नंबरवर मी ऑफिसात फुटले.

---

बॉक्सआउट_नागपूर – १२:५८

सर, अगदी बरोबर बोललात. तिकडे त्याला रिक्रूटिंग म्हणतात आणि कोचचं निम्मं आयुष्य त्यात जातं. यावरचा बाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय धागा पुढे जाऊ नये.

सप्टेंबर १९९०. पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनिॲक नावाची शाळकरी मुलगी, तिला आपल्या संघात ओढायला बाई छोट्या विमानाने गेल्या. नऊ महिने भरत आलेले. तिच्या घरी बोलणं चालू असतानाच पाणमोट फुटली. घरचे म्हणाले, इथल्या दवाखान्यात चला. बाई म्हणाल्या, बाळ टेनेसीतच जन्मणार. परत विमान. वाटेत कळा वाढल्या तेव्हा वैमानिकाने व्हर्जिनियात उतरायची तयारी दाखवली. बाईंनी ठाम नकार दिला, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या संघाने जादा वेळेत टेनेसीला हरवून बाहेर काढलं होतं आणि त्या वर्षीची अंतिम फेरी नॉक्सव्हिललाच, घरच्या मैदानावर होती! मुलगा टेनेसीत पोहोचल्यावरच झाला.

कळस पुढे आहे. ती मिशेल आधी गेली नोटर डेम विद्यापीठात! एक वर्ष तिथे खेळून मग टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

---

खडूस_काकू – १३:१०

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचा हट्ट आपल्याकडेही असतो. वाटेतल्या राज्याशी वैर म्हणून कळा रोखून धरणारी मात्र पहिलीच ऐकली.

---

कोकणी_कैरी – १४:०५

याची पुढची पिढीही आहे काकू. टेनेसीच्या सध्याच्या कोच किम कॉल्डवेल गेल्या वर्षीच आल्या, वय पस्तीस-छत्तीस. या जानेवारीत बाळंत झाल्या, एक सामना चुकवला आणि आठवड्याभरात साउथ कॅरोलायनाविरुद्ध मैदानाच्या कडेला उभ्या! मी अमेरिकेत बाळंतपण केलंय, बारा आठवड्यांच्या रजेसाठी किती अर्ज भरले ते मला माहीत. लोकांनी वाहवा केली. मला आधी राग आला, मग वाटलं तिची मर्जी, मग परत राग आला. पुरुष कोच असता तर प्रश्नच आला नसता.

---

निमा – १५:३३

आता मी जरा मिठाचा खडा टाकते.

सगळे 'कडक' शब्दावर भाळलेले दिसतात. मीही वाचलंय बाईंबद्दल. सुरुवातीच्या काळात मुली पार्टी करून आल्याचं कळल्यावर कोर्टाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि ओकेपर्यंत पळवलं. एकदा बाहेरगावी हरून परतल्यावर रात्रीच त्याच घामट गणवेशात पुन्हा सराव घेतला. किस्सा म्हणून मजेदार. मी त्या रांगेत उभी राहिलेली आहे.

अकरावी-बारावीत मी जिल्ह्याकडून खेळले. आमचे कोच नामांकित. फ्री थ्रो चुकला की ज्युनिअर मुलांसमोर उभं करून वजन विचारायचे. मोठ्याने सांगायचं. गुडघा सुजलेला असताना मला 'नाटकी' म्हणून सहा दिवस पळवलं. सातव्या दिवशी बाबांनी डॉक्टरकडे नेलं तर लिगामेंट गेलेलं. पुढे खेळ बंद. आज जिना उतरताना कठडा लागतो मला, वय ३८.

त्यामुळे ओकेपर्यंत पळवणारी व्यक्ती थोर म्हटली की माझा गुडघा बोलतो. आठ विजेतेपदं असली की शिस्त, नसली की छळ, असं असतं का?

---

सईची_आई – १५:५०

निमा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मी मूळ पोस्टमध्ये 'कडक' हा शब्द फारच सहज वापरला.

---

पीटीचे_सर – १७:१५

निमाताई, तुमच्या कोचचं चुकलं. यात 'पण' नाही.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मीही शिट्टी आणि छडीवाला होतो. एक मुलगी रोज उशिरा यायची. मी तिला दहा फेऱ्या द्यायचो, ती मुकाट मारायची. दोन महिन्यांनी कळलं, ती पहाटे म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून सहा किलोमीटर सायकल मारत यायची. मी तिला पळण्याची शिक्षा देत होतो! त्या दिवसापासून उशिराचं कारण आधी विचारायला लागलो. दहा फेऱ्यांची माफी मात्र मागितली नाही, तेव्हा ते जमलं नसतं. ती आता पोलिसात आहे, भेटली की वाकून नमस्कार करते. मला अजून अवघडायला होतं.

---

अजित_ऑस्टिन – १८:४४

इकडच्या कॉलेजात काही वर्षं काढलीत म्हणून दोन मुद्दे.

कचऱ्याचे डबे सगळ्यांना आठवतात, पण बाईंची रोजची शिस्त वेगळी होती. वर्गात पहिल्या तीन ओळींत बसायचं, तास बुडवायचा नाही. बुडवला तर कितीही मोठी खेळाडू असो, सामन्याला बाहेर. हा नियम पाळणं कोचला महाग पडतं, कारण सामना तीच हरते. धाक घालणारे कोच पैशाला पासरी, स्वतःचं नुकसान करून नियम पाळणारे कमी.

दुसरी मला फार आवडलेली गोष्ट. त्यांच्या संघात कुणी चूक दाखवली की मुलीने सबब सांगायची नाही, फक्त 'रिबाउंड' म्हणायचं. म्हणजे ऐकलं, चेंडू घेतला, पुढे चला. कौतुक केलं तर 'टू पॉइंट्स'. कौतुकालाही उत्तर द्यायचं हे विशेष, आपण तर 'छे हो, कसचं काय' म्हणून पळतो.

आणि सरावाला समोर कॉलेजातले मुलगे खेळवायचे, उंची-ताकदीची सवय व्हावी म्हणून. ही पद्धत आज सगळीकडे आहे.

---

टग्या_ठाणेकर – १८:५१

विक्रमाबद्दलच्या माझ्या चुकीबद्दल: रिबाउंड.

---

चहाबाज – १८:५२

टू पॉइंट्स.

---

खडूस_काकू – १९:०६

आजपासून आमच्या घरी हा नियम. 'भाजीत मीठ नाही' – 'रिबाउंड'. सुनेला सांगते. नाही, तिने मला सांगायच्या आत मीच सुरू करते.

---

मास्तर_ब्लास्टर – २०:१३

अवांतर: १९९७-९८ च्या संघाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ३९ सामने, ३९ विजय, लागोपाठ तिसरं विजेतेपद. शमीक होल्ड्सक्लॉ, समीका रँडल, तमिका कॅचिंग्ज. तिघींना मिळून 'थ्री मीक्स' म्हणत. मी तेव्हा इकडे एमएस करत होतो, मेसमध्ये भांडी घासायचो आणि टीव्हीवर हे. मुलांचा खेळ बघणारे आमचे रूममेट्स हळूहळू या सोफ्यावर सरकले. पूर्ण मैदानभर अंगावर जाणारा डिफेन्स, समोरच्या मुलीला श्वास घ्यायला जागा नाही. बाई मात्र कडेला उभ्या, नुसत्या बघत. ती नजर! आमच्या भूमितीच्या बाईंची तशी होती. फळ्याकडे तोंड असतानाही मागे कोण बोलतंय ते कळायचं.

---

कोकणी_कैरी – २०:४०

पैशाचं कुणी बोलेल का? २५० डॉलर महिन्यापासून २००६ साली वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर. महिला बास्केटबॉलमध्ये तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या कोच. आणि आता साउथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांचा या जानेवारीतला करार वर्षाला सुमारे ४० लाखांचा.

पण दुसरी बाजू बघा. टायटल नाइन आलं तेव्हा महिला संघांच्या कोच ९० टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि पुरुषांनी अर्ज टाकायला सुरुवात केली. आज सगळे खेळ धरले तर महिला संघांच्या मुख्य कोचपदी निम्म्यासुद्धा बायका नाहीत. नोटर डेमच्या मफेट मॅग्रॉ यांनी २०१९ मध्ये यापुढे सहाय्यक म्हणून पुरुष घेणार नाही असं सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. समिटबाईंना दोनदा टेनेसीच्या पुरुष संघासाठी विचारणा झाली होती म्हणतात. त्यांचा उलट प्रश्न असा की, तिकडे जाणं म्हणजे बढती असं तुम्ही का धरून चालता?

---

टग्या_ठाणेकर – २१:०२

वाद घालायची खुमखुमी आहे म्हणून विचारतो. मग ऑरिएम्मा? बारा विजेतेपदं, पुरुष. मुलींना काय हवं असेल, बाई कोच की चांगला कोच?

---

कोकणी_कैरी – २१:०९

दोन्ही. उलट्या बाजूने विचार: मुलांच्या मोठ्या संघांना बाई मुख्य कोच किती? तो दरवाजा एकाच बाजूने उघडतो, एवढंच म्हणणं आहे.

---

बॉक्सआउट_नागपूर – २१:३५

ऑरिएम्मा आणि समिट हे वैर वेगळ्या धाग्याचा विषय. १९९५ पासून २००७ पर्यंत दोघांचे संघ दरवर्षी भिडायचे. देश थांबून बघायचा. मग बाईंनी ती मालिकाच बंद केली. दोघं बोलत नसत. पुढे बाईंच्या आजाराची बातमी आली तेव्हा त्यांच्या संस्थेला याच ऑरिएम्मांनी दहा हजार डॉलर दिले.

---

अस्वल_झोपाळू – २२:२८

आजाराचं कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं. अल्झायमर, कमी वयात येणारा. वय ५९. त्यानंतरही एक अख्खा मोसम त्या बाकावर होत्या. सहाय्यक हॉली वॉर्लिक, त्यांचीच जुनी खेळाडू, सामना चालवायच्या आणि बाई शेजारी. त्या वर्षी संघ अंतिम आठांत बेलरकडून हरला. बेलरने त्या मोसमात ४० पैकी ४० जिंकले. एप्रिल २०१२ मध्ये बाई पायउतार झाल्या. जून २०१६ मध्ये गेल्या, ६४व्या वर्षी.

माझे वडील इतिहास शिकवायचे. सनावळ्या तोंडपाठ. आजार सुरू झाला तेव्हा आम्हाला सहा महिने कळलं नाही, कारण ते लपवायला हुशार होते. नाव आठवलं नाही की 'आपले ते हे' म्हणून वेळ मारून न्यायचे. एकदा भाजी आणायला गेले आणि पिशवीत दोन किलो मीठ घेऊन आले. आई काही बोलली नाही, डब्यात भरून ठेवलं. पुढच्या आठवड्यात परत दोन किलो. आम्ही नातेवाइकांपासून वर्षभर लपवलं. 'वयामुळे होतं थोडं' असं सांगत राहिलो.

म्हणून मला त्यांचे १०९८ वगैरे फारसे लागत नाहीत. हजारो लोकांसमोर रोज डावपेच आखायचा जिचा धंदा, तिने 'माझी आठवण जातेय' असं उभं राहून सांगितलं. आम्हाला घरातल्या घरात जमलं नाही.

---

निमा – २२:४१

अस्वला, वाचलं. मीठ डोळ्यांसमोरून जात नाहीये.

---

खडूस_काकू – २२:४४

आईंना नमस्कार सांग.

---

अजित_ऑस्टिन – ९ एप्रिल, ०७:२०

मूळ प्रश्नाकडे वळतो, नाहीतर सईची आई रागावेल. आज टिकल्या असत्या का?

आजचे नियम बघा. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळतात. ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कोच आवडला नाही की नाव नोंदवायचं आणि पुढच्या मोसमात दुसऱ्या कॉलेजात, वर्षभर बाहेर बसायची सक्ती नाही. डबे ठेवले तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ, तिसऱ्या दिवशी चौकशी, चौथ्या दिवशी पाच मुली पोर्टलमध्ये. व्हिडिओची ताकद २०२१ मध्ये दिसलीच. त्या वर्षीच्या एनसीएए स्पर्धेत इंडियानापोलिसला मुलांना भलीमोठी व्यायामशाळा आणि सॅन अँटोनिओला मुलींना डंबेल्सची एक स्टँडभर चळत. एका खेळाडूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला आणि एनसीएएची पळापळ झाली. मुलांच्या स्पर्धेचं 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा त्यानंतरच, २०२२ पासून, मुलींच्या स्पर्धेला वापरायला दिलं.

म्हणजे १९७६ च्या पॅट समिट आज टिकल्या नसत्या, असं माझं मत. २००८ च्या टिकल्या असत्या. मधल्या तीस वर्षांत त्या बदलल्या होत्या.

---

बॉक्सआउट_नागपूर – ०८:०५

अर्धं अनुमोदन. टेनेसीचंच बघ ना. बाईंनंतर वॉर्लिक, मग केली हार्पर, तीही बाईंची खेळाडू, १९९६ ते ९८ च्या लागोपाठ तिन्ही विजेतेपदांत होती. दोघींनाही विद्यापीठाने काढलं. बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांनाही ते जमलं नाही, म्हणजे नुसती पद्धत उचलून चालत नाही. आता कॉल्डवेल आल्या, पूर्णपणे बाहेरच्या. दर मिनिट-दोन मिनिटांनी पाचच्या पाच मुली बदलणारा खेळ. फेब्रुवारीत कनेक्टिकटला ८०-७६ हरवलं, २००७ नंतर पहिल्यांदा.

---

पीटीचे_सर – ०९:३०

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या पदाला संघ जिंकला काय, हरला काय, वेतनश्रेणी तीच. मुली निवडून आणता येत नाहीत, प्रवेश घेतील त्यांच्यातून संघ. बारावीपर्यंत सवलतीच्या गुणांसाठी खेळतात. पदवीला तेही नाही, मग उरतात त्या खरोखर खेळणाऱ्या. एकदा आमची एक मुलगी विद्यापीठाच्या संघातून 'अश्वमेध'ला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला गेली. तिला निरोप द्यायला एसटी स्टँडवर मी, आमची मंडळी आणि तिचे वडील. पहिल्या वर्षी ओट्यावर गप्प बसलेले तेच वडील. त्यांनी कंडक्टरला तीनदा बजावलं, "खेळाडू आहे, खिडकीची जागा द्या."

---

सईची_आई – २१:१८

सगळ्यांना धन्यवाद. निमा आणि अस्वल, विशेष.

संध्याकाळी सईला घेऊन पुतळ्यापाशी गेले, काकूंच्या आज्ञेप्रमाणे पाटी वाचली. सईला मिशेलच्या घरचा किस्सा सांगितला, मग डब्यांचा. डब्यांवर ती म्हणाली, "हे अलाउड नाहीये आई." निमाच्या गुडघ्याबद्दलही सांगितलं. मग थोडा वेळ गप्प. परतताना गाडीत म्हणाली, तिच्या कोचने तिला कालच सांगितलंय की बाकावर बसून फोन बघत असतेस, मैदान बघ.

मी लगेच बाजू घ्यायला निघाले होते, की अगं, तुला खेळवतच नाहीत तर...

"आई," ती म्हणाली, "मी बोलले तिला. रिबाउंड."

तुमचा धागा ही पोरगी माझ्या फोनवर वाचतेय. भाषा जपा सगळ्यांनी.

---

चहाबाज – २१:२२

सई, टू पॉइंट्स. आणि टग्याकाकाचं काही मनावर घेऊ नकोस.

---

टग्या_ठाणेकर – २१:२३

काका कोणाला म्हणतोस रे?